बंद केल्यावर चुंबक कुठे जातो?

"सर, बंद करे तो मक़नातीस किधर जाता?"

आठवीच्या वर्गातल्या एका मुलाने हा प्रश्न विचारला, त्याला आता वर्ष होत आले. विज्ञानाच्या तासाला विचारलेला प्रश्न, तेव्हा त्याचे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात असणार असे आम्ही धरून चाललो. तिथे ते अर्धेच सापडले. उरलेल्या अर्ध्याने आम्हाला अजून सोडलेले नाही. त्यात आमच्या हातून झालेली एक चूकही गुंतलेली आहे आणि ती लपवून या प्रश्नावर लिहिणे आम्हाला जमणार नाही.

आधी वस्तू कोणती ते सांगतो. लेथवर काम करणाऱ्यांकडे मॅग्नेट स्टँड असतो. मुठीत मावेल न मावेल एवढा चौकोनी लोखंडी ठोकळा, त्यावर उभी दांडी, तिला आडवी दांडी आणि आडव्या दांडीच्या टोकाला डायल. डायल म्हणजे घड्याळासारखी तबकडी. तिची सुई मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवते. चकमध्ये पकडलेला जॉब सरळ फिरतो आहे की हेलकावतो आहे हे डोळ्यांना दिसत नाही, सुईला दिसते. मात्र डायल ज्याच्या आधारावर उभा आहे तोच हलला तर सुईच्या साक्षीला काही अर्थ राहत नाही. म्हणून ठोकळा मशीनला घट्ट चिकटायला हवा आणि काम झाल्यावर सहज सुटायलाही हवा. त्यासाठी त्याला एक बटण असते. ते पाव फेरा फिरवले की ठोकळा असा चिकटतो की दोन्ही हातांनी ओढून निघत नाही. बटण परत फिरवा, मुकाट्याने हातात येतो. यात वीज नाही, सेल नाही, वायर नाही.

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. इचलकरंजीच्या वाटेवरच्या एका वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षे टर्नर आहेत. हा स्टँड त्यांचा स्वतःचा, तरुणपणी पगारातून पैसे बाजूला ठेवून घेतलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुरुंदवाडात शिरले, तेव्हा चाचांनी कपड्यांच्या आधी हत्यारांची पेटी माळ्यावर नेली होती. मुलांना चुंबक शिकवायचा आहे म्हणून आम्ही स्टँड मागितला, तेव्हा त्यांनी तो जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिला आणि एवढेच म्हणाले, "अमानत है सर, संभालके."

वर्गात खूप मजा आली. लोखंडी कपाटाला ठोकळा चिकटवला, मुले लोंबकळायचीच बाकी राहिली. एक चांगला शिक्षक करतो तसे आम्ही शब्दांपासून सुरुवात केली होती. उर्दू पुस्तकात मक़नातीस. हा शब्द यूनानी आहे, मॅग्नेशिया नावाच्या मुलुखात तो दगड सापडत असे त्यावरून पडलेला, आणि अरबीतून आपल्यापर्यंत आलेला. मराठीत चुंबक, म्हणजे लोखंडाचे चुंबन घेणारा. फारसीत आहनरुबा, लोखंड हिसकावून नेणारा. तृणमणी घासला की तो गवताची काडी ओढतो, म्हणून फारसीत तो कहरुबा, काडी पळवणारा. आणि त्याच शब्दावरून आजच्या अरबीत विजेला कहरबा म्हणतात. एकच ओढ, पण एका भाषेने तिच्यात प्रेम पाहिले, दुसरीने दरोडा. मुले हसली. आम्ही खूश. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून तो प्रश्न आला.

आम्ही उत्तर दिले, "बंद केल्यावर त्याची ताकद नाहीशी होते." मुलगा म्हणाला, "फिर वापस किधर से आती?" खरे म्हणजे इथेच 'मला माहीत नाही' म्हणायचे होते. बी.एड.च्या वर्गात आम्हाला हेच शिकवले होते आणि परीक्षेत आम्ही ते लिहून गुणही मिळवले होते. प्रत्यक्षात आम्ही म्हणालो, "उद्या सांगतो."

त्या रात्री घरातले सगळे झोपल्यावर आम्ही ठोकळा उघडला.

मागच्या बाजूला दोन बारीक स्क्रूंनी धरलेली चकती होती, पुढे बटणाचा एक स्क्रू. शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने ते निघाले. ठोकळा एकसंध असेल असे बाहेरून वाटत होते, पण तो मऊ लोखंडाच्या दोन भागांचा होता आणि त्या दोहोंच्या मध्ये पितळेची पट्टी होती. मधोमध आडवे गोल भोक आणि त्यात चुंबकाचा दंडगोल, बटणाला जोडलेला. शाळेतल्या पट्टीचुंबकाचे ध्रुव त्याच्या दोन टोकांना असतात. याचे तसे नव्हते. याचा उत्तर ध्रुव एका कुशीला आणि दक्षिण ध्रुव दुसऱ्या कुशीला, लांबीभर पसरलेले.

बाकी काही नाही. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यातच होते. बटण चालू करतो तेव्हा दंडगोलाची उत्तर कूस लोखंडाच्या एका भागाकडे आणि दक्षिण कूस दुसऱ्या भागाकडे तोंड करते. चुंबकाचे बल एका ध्रुवातून निघून दुसऱ्या ध्रुवाशी मिळू पाहते आणि लोखंडातली वाट त्याला सोपी पडते. दोन भागांच्या मध्ये पितळ आहे, पितळ त्याला वाट देत नाही. मग ते एका भागातून खाली उतरते, मशीनच्या लोखंडातून जाते आणि दुसऱ्या भागातून वर येऊन पोचते. हा प्रवास म्हणजेच ती घट्ट पकड. बटण पाव फेरा फिरवले की दोन्ही ध्रुव पितळेसमोर येतात. आता लोखंडाच्या प्रत्येक भागाला उत्तरही लागलेला आहे आणि दक्षिणही. बलाला बाहेर पडायचे कारणच उरत नाही. निघते आणि आतल्या आतच पोचते. चुंबक तितकाच चुंबक राहतो. कणभरही कमी होत नाही.

खात्री करावी म्हणून आम्ही मुसल्ल्याबरोबर आलेला क़िबलानुमा घेतला. तेराव्या शतकात यमनच्या रसूली घराण्यातल्या अल-अशरफ या सुलतानाने क़िबला शोधण्यासाठी अशा सुईचा वापर लिहून ठेवला आहे. आमचा मात्र प्लास्टिकचा, मेळ्यात मिळतो तसला. मघाशी उघडण्याआधी बंद ठोकळ्याजवळ नेला होता तेव्हा सुई जेमतेम थरथरली होती. आता उघड्या दंडगोलाजवळ नेला तर ती वेड्यासारखी गरगर फिरली. त्या दिवसापासून ती दक्षिणेला उत्तर दाखवते. आमच्या गावाहून क़िबला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे. त्या सुईवर विसंबले तर आम्ही पूर्वेकडे तोंड करून उभे राहू.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. बंद होण्याचे दोन प्रकार आहेत. १८२५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने विजेचा चुंबक केला. त्याला वीज दिली की तो ओढतो, काढली की त्याची ओढ खरोखरच जाते. भंगारच्या वखारीतली क्रेन अशाच चुंबकाने टनभर लोखंड उचलते. आणि याच कारणाने वीज अचानक गेली तर तो हातातला बोजा टाकून देतो. आमच्या भागाने भारनियमनाची वर्षे पाहिली आहेत. पुढचे सांगायला नको. चाचांच्या ठोकळ्याची जात वेगळी. त्याची ओढ कोणाकडून उसनी आणलेली नाही, म्हणून ती जातही नाही. फक्त तोंड फिरवते.

आम्ही हरखून गेलो होतो. रात्रीचे दोन वाजले असतील. दंडगोल टेबलावर ठेवून त्याला टाचण्या लावून पाहिल्या, चित्र काढले, पुन्हा टाचण्या लावल्या. मग सगळे पुसून पूर्वीसारखे बसवले, चकती लावली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाला ठोकळा चिकटवून पाहिला. चिकटला. आम्ही समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर आकृती काढली, मुलगा खूश झाला. संध्याकाळी स्टँड त्याच फडक्यात गुंडाळून चाचांना परत दिला. उघडला होता हे सांगितले नाही. सांगण्यासारखे काही झालेच नव्हते, असे आम्हाला वाटत होते.

नंतर वाचून कळले ते असे. जुन्या ठोकळ्यांत पुष्कळदा ॲल्निको नावाच्या मिश्रधातूचा चुंबक असतो. हा चुंबक लोखंडाच्या घरातून काढून उघड्यावर ठेवला की त्याची काही ताकद निघून जाते, आणि परत घरात बसवला तरी ती परत येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत नालचुंबकाच्या तोंडावर लोखंडी पट्टी ठेवून तो पेटीत घालतात ते याचसाठी. दरवर्षी आम्ही मुलांना ते सांगतो. शिवाय टेबलावरचा लोखंडाचा बारीक कीस त्याला लागला होता; तो पूर्ण निघाला नव्हता. आणि कपाटाच्या पातळ पत्र्यावर चिकटला म्हणजे मशीनवर डायल पेलेल असे मुळीच नाही. आम्ही ठोकळ्याची परीक्षा घेतली खरी, पण जी तो पास होणार हे ठाऊक होते तीच घेतली. परीक्षा घेणे हा आमचा पेशा आहे, त्यामुळे हे लिहिताना जास्त लाज वाटते.

पुढच्या मंगळवारी वर्कशॉपमध्ये मशीनच्या उभ्या बाजूला लावलेला तो स्टँड सरकला आणि डायल खाली पडला. डायल वर्कशॉपचा होता. त्याची किंमत चाचांच्या पगारातून हप्त्याने कापायचे ठरले. आम्हाला हे कळले ते भिंतीपलीकडून. चाची आमच्या घरी सांगत होत्या, "इनके हात से डायल गिरा. नज़र कम हुई, हात कांपता अब."

पैसे गेले ते वेगळे. चाचांनी दोष स्वतःच्या हाताला दिला होता. चाळीस वर्षे ज्या हाताने मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळला, तो आता गेला असे त्यांनी मानले होते. चार दिवसांनी तर लेथ सोडून स्टोअरला बसायचा विचार आहे असे ऐकले. तरी आम्हाला सांगायला अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांत आम्ही स्वतःचा बचाव मनातल्या मनात फार उत्तम केला. वस्तू उघडून पाहणे हा गुन्हा आहे काय? कुरआन जागोजागी माणसाला पाहायला, विचार करायला सांगतो. त्यातल्या सत्तावन्नाव्या सूरेचे नावच हदीद, म्हणजे लोखंड. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्र्यांनी कोणते कॉलेज पाहिले होते? परकी ऑइल इंजिने उघडून, पाहून, पुन्हा जोडूनच ते शिकले. इमाम ग़ज़ालींचाही आधार घेतला. इसवी सन ११११ मध्ये निधन पावलेल्या या विद्वानाने 'तहाफ़ुतुल फ़लासिफ़ा'त चुंबकाचा दाखला दिला आहे: ज्याने चुंबक पाहिलाच नाही त्याला तो लोखंड ओढतो असे सांगितले तर तो मानणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे पाहिल्याशिवाय नाकारूही नये. सगळे मुद्दे बरोबर होते. आमच्या समाजात प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प बसवण्याची खोड जुनी आहे आणि तिच्याविरुद्ध आम्ही पूर्वीही बोललो आहोत, पुढेही बोलू.

फक्त हा सगळा बचाव नसलेल्या आरोपाविरुद्ध होता. उघडण्याबद्दल आम्हाला कोणी बोलले नव्हते. आम्ही ठोकळा बंद करून, काही झालेच नाही अशा चेहऱ्याने परत दिला, आमची चूक तिथे होती. अमानतीचा अर्थ वस्तू जशीच्या तशी परत करणे एवढाच आम्ही लहानपणापासून ऐकला. पण माणसाच्या हातून जशीच्या तशी परत होणार नाही अशा कितीतरी वेळा येतात. तेव्हा तिच्याबरोबर तिची हकीकतही परत करावी लागते. आम्ही वस्तू दिली, हकीकत ठेवून घेतली. उद्यमनगरच्या मिस्त्र्यांनी इंजिन उघडले ते भरदिवसा आणि चार लोकांसमोर. रात्री दोनला, बायकोलाही न सांगता जे उघडले जाते त्याला त्यांच्या रांगेत बसवणे बरे नाही.

अकराव्या दिवशी अस्रच्या आधी आम्ही गेलो आणि सगळे सांगितले. डायलचे पैसे पुढे केले. चाचा ऐकत होते. मध्येच त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. पैसे घेतले, मोजले नाहीत. मग म्हणाले, "जाने दो सर," आणि वजू करायला उठले.

आता मुलाचा प्रश्न पुन्हा विचारायला हवा. चाचांचा राग कुठे गेला?

माफ केले असे ते म्हणाले नाहीत. आपण मराठीत म्हणतो 'सोडून दे', उर्दूत 'जाने दो'. दोन्हींत काहीतरी हातातून सुटून दूर गेल्याचे चित्र आहे. कुरआनच्या शब्दात असे चित्र नाही. सूरे आले-इम्रानमध्ये नेक लोकांचे वर्णन करताना राग गिळणाऱ्यांचा उल्लेख येतो. तिथला मूळ धातू 'कज़्म', आणि अरबी शब्दकोशांत त्याचा एक अर्थ असा दिला आहे: पाण्याने भरलेल्या मशकीचे तोंड आवळून बांधणे. मशक रिकामी नाही. ती तोंडापर्यंत भरलेली आहे, म्हणून तर बांधायची. आणि त्या आयतीत राग गिळण्यापाशी गोष्ट थांबत नाही. त्यानंतर माफ करणे वेगळे सांगितले आहे, आणि त्याही पुढे भलाई करणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे या तीन गोष्टी आहेत. आपण वाज़ ऐकताना त्यांची एकच पुडी बांधतो.

आम्ही स्वतःला विचारले, आपण चाचांकडून यांपैकी काय मागत होतो? उत्तर फार सुखाचे नव्हते. आम्ही त्यांच्याकडून विजेच्या चुंबकासारखे बंद होणे मागत होतो. आमच्या सांगण्याने त्यांचा राग मुळातून नाहीसा व्हावा, आणि तो नाहीसा झाल्याचे त्यांनी आम्हाला दाखवावेही. पुढचे काही दिवस आम्ही त्यांच्या सलामात काही कमी तर नाही ना हे तपासत होतो. थोडे जास्त हसून बोलत होतो, चाचींकडे भाजी पाठवत होतो. थोडक्यात पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. त्यांनी जे आतल्या आत फिरवून सांभाळले होते ते उघडून पाहिल्याशिवाय आम्हाला झोप नव्हती. आणि उघड्यावर काढलेल्या चुंबकाचे काय होते ते तर आम्ही नुकतेच पाहिले होते.

ही गोष्ट दोन शेजाऱ्यांपुरती राहिली असती तर आम्ही ती या अंकासाठी लिहिली नसती. आमच्या गावाचे नाव बाहेर घेतले जाते ते मशिदीतल्या गणपतीमुळे. कुरुंदवाडच्या पाच मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसतो. २०१९ मध्ये मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा पंजे आणि मूर्ती एकाच छपराखाली होत्या. दर भाद्रपदात बाहेरून कॅमेरे येतात आणि विचारतात, हे कसे काय चालते? प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो, तरी विचारणाऱ्याच्या नजरेत आम्हाला तोच स्क्रूड्रायव्हर दिसतो. जणू गावाच्या मागच्या बाजूला दोन बारीक स्क्रू आहेत आणि ते काढले की सलोखा टेबलावर निघून येईल.

याच जिल्ह्यात १९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. त्याच कोल्हापूर शहरात ७ जून २०२३ रोजी मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला आणि दगडफेक झाली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात घरे आणि मशीद फोडली गेली. दोन्ही वेळा सगळीकडून एकच वाक्य ऐकले, "असे आपल्याकडे कधी नव्हते. हे आले कुठून?" मुलाच्याच प्रश्नाची ही दुसरी बाजू आहे: फिर वापस किधर से आती? ते कुठून आलेले नाही. आत फिरत होते. लग्नाच्या पंगतीत हळू आवाजात फिरत होते, घरच्या ग्रुपवर फिरत होते. आणि फक्त त्यांच्याच नव्हे, आमच्याही पंगतीत नि आमच्याही ग्रुपवर. बटणाला पाव फेरा तेवढा लागला.

पण याच हिशेबाने दुसरेही धरावे लागते. त्या दिवसांत आमच्या गल्लीत ज्यांनी दुकान उघडे ठेवले, आमच्या मुलांना शाळेपर्यंत सोडले आणि नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, त्यांच्या मनात काहीच नव्हते असे समजणे चूक आहे. त्यांच्याही मनात काही होते. त्यांना राग असेल, भीती असेल, घरातल्या तरुणांशी भांडण झाले असेल. त्यांनी ते आतल्या आत फिरवले. आमच्याकडच्या कित्येकांनीही तेच केले. आपण याला 'शांतता होती' असे म्हणून मोकळे होतो. ज्याला आपण काही न होणे म्हणतो ते कोणीतरी मनगटाला जोर देऊन करत असते, हे आम्हाला आधी कळले नव्हते.

हे सगळे वर्गात असेच मांडले तर तो मागच्या बाकावरचा मुलगा काय म्हणेल तेही आम्हाला माहीत आहे. लोखंडाला नियत नसते, सर. खरे आहे. ठोकळ्यात बटण फिरवणारा हात बाहेरचा असतो. माणसात चुंबकही तोच, बटणही तोच आणि हातही त्याचाच. म्हणून ठोकळ्याला सवाब नाही आणि अज़ाबही नाही. शिवाय माणसाचा राग खरोखर जाऊही शकतो, वर्षे लोटली की, किंवा दुसऱ्याचे म्हातारपण पाहिले की. ॲल्निकोप्रमाणे आपणही उघड्यावर राहून कमी होतो. तेव्हा दाखला इथपर्यंतच ताणावा. आमचे म्हणणे छोटे आहे. कोणी 'जाने दो' म्हटले, तर ते गेले असे आपण लगेच धरू नये, आणि गेले की नाही हे त्याच्याकडून वदवून घेण्याचाही आपल्याला हक्क नाही.

चाचा स्टोअरला बसले नाहीत. मशीनवरच आहेत. हात कापत नाही हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही, चाचींनी सांगितले.

मागच्या रमज़ानमध्ये एका संध्याकाळी इफ़्तारनंतर ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात ते फडके होते. बराच वेळ इकडचे-तिकडचे बोलले. मग विचारले, "अंदर क्या था?"

आम्ही लाइटबिलाच्या पाठीमागे आकृती काढली. दोन भाग, मधले पितळ, गोल भोक, आडवा ध्रुव. चाळीस वर्षे ज्याचे बटण फिरवले त्याचे आतले चित्र ते पहिल्यांदा पाहत होते. चष्मा वर करून त्यांनी कागद जवळ नेला. मग ठोकळा हातात घेऊन हवेतच बटण अर्धवट फिरवले आणि म्हणाले, की खाली लोखंड नसेल तर हे जड जाते, लोखंडावर ठेवून फिरवले की हलके. नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी हेच सांगतात, रिकाम्या हवेत चालू करू नका. का ते त्यांना माहीत नव्हते. आम्ही आकृतीवर बोट ठेवून सांगितले: बलाला पलीकडे जायला वाट नसते म्हणून. त्यांनी मान डोलावली. जे कळायला आम्ही अख्खा ठोकळा उघडला, त्यातले निम्मे त्यांच्या मनगटाला आधीपासून ठाऊक होते.

कीस अजून आत असेल का, असे त्यांनी विचारले. असेल, आम्ही म्हणालो.

"इतवार को आओ," ठोकळा फडक्यात गुंडाळत ते म्हणाले. "दोनों मिल के खोलेंगे. उस छोरे को भी बुलाओ. और स्क्रूड्रायव्हर मैं लाता, तुम्हारा नक्को."